एकाच ट्रेमधली रोपं, शेतात गड्डे आणि कुंडीत नुसती पानं

मागच्या अंकात नवलकोलचा उल्लेख मी जाता जाता केला होता, दोन ओळींत, आणि त्यावर एवढे प्रश्न आलेत की हा सगळा अंक त्यालाच देऊन टाकते. बहुतेकांचा सूर एकच, शेतात जमतं मग कुंडीत का नाही. जमतं हो, पण कुंडीत ते वेगळ्या रीतीने करावं लागतं. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्यात बाकीच्यांच्या अर्ध्या शंका येऊन जातात म्हणून तेच आधी घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. या वेळी नवलकोलची रोपं मी घरीच ट्रेमध्ये केली, अर्धी दिरांनी शेतात नेली आणि अर्धी मी गच्चीवर आठ इंची कुंड्यांमध्ये लावली, एका कुंडीत दोन. माती पण त्यांच्याच शेतातून आणलेली, वर शेणखत. त्यांच्याकडे लावल्यापासून ५० दिवसांत टेनिसच्या बॉलएवढे गड्डे आणि माझ्याकडे नुसती पानंच पानं, गड्डा म्हणाल तर लिंबाएवढा आणि कापला तर आत दोरे. खत मी त्यांच्यापेक्षा जास्तच घातलं, पाणी रोज घालते. दीर हसतात. बियाणं तेच, माती तीच, मग चुकलं कुठे?

उत्तर : दिरांना हसू दे, त्यांची निम्मी मेहनत जमीन करते आणि तुमच्या कुंडीत ती तुम्हालाच करायची होती, हे त्यांच्याही लक्षात आलेलं नसणार.

एक हिशोब करून बघा. शेतात दोन ओळींत ३० सेंटीमीटर आणि दोन रोपांत २० सेंटीमीटर धरलं, तर वरची ३० सेंटीमीटर खोलीची माती मोजली तरी एका रोपाच्या वाट्याला १८ लिटर माती येते, आणि खाली अजून जमीन आहेच. तुमच्या आठ इंची कुंडीत फार तर पाच लिटर माती बसते, त्यात रोपं दोन, म्हणजे एकाला अडीच लिटर. नवलकोलची मुळं तशी उथळच असतात, फार खोल जात नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं की छोटी कुंडी पुरेल. पण उथळ मुळं म्हणजे कमी मुळं नव्हेत, ती आडवी पसरतात आणि त्यांना सतत ओलावा लागतो.

आता माती. शेतातली माती शेतात उत्तम असते पण कुंडीत भरली की तिचा स्वभाव बदलतो. शेतात पाणी दिलं की ते खाली खाली ओढलं जातं, दोन दिवसांत वाफसा येतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, नुसती ओलसर. कुंडीत ती आठ इंचांवर संपते, तळाशी पाणी अडकून बसतं आणि वरचा थर मात्र उन्हाने वीट झालेला. म्हणजे एकाच रोपाची खालची मुळं पाण्यात गुदमरतायत आणि वरची तहानलेली. बरेच जण यावर उपाय म्हणून तळाला खडी किंवा खापऱ्यांचा थर देतात, त्याने काहीच होत नाही, उलट तो ओला थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांना अजून कमी जागा उरते. भोकावर एक खापरी ठेवली माती वाहून जाऊ नये म्हणून तर ठीक, थर नको. माझं मिश्रण साधारण असं : एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि माती चिकट असली तर मूठ-दोन मूठ भरड वाळू. मुठीत दाबलं की लाडू व्हावा आणि बोट लावलं की फुटावा, एवढंच बघा.

आणि रोज पाणी घालते म्हणालात ना, त्यावर थोडं बोलायचंय. मी पण रोजच घालायचे. एकदा एक कुंडी सरकवायला म्हणून उचलली तर हातात कागदासारखी हलकी आली, आणि नुकतंच तर पाणी घातलं होतं. उपडी करून बघितली तर मातीचा गोळा कडेपासून करंगळी जाईल एवढा सुटलेला, पाणी त्या फटीतून सरळ खाली जाऊन भोकातून बाहेर आणि गोळ्याचा गाभा कोरडा ठणठणीत. वरून बघणाऱ्याला वाटणार की छान, पाणी निथळतंय! तेव्हापासून मी कुंडी उचलूनच बघते, हलकी लागली तर टबात पाणी घेऊन अर्धा तास बुडवून ठेवते, मग परत नेहमीचं पाणी. मोठ्या कुंड्या उचलत नाहीत तिथे बोट दोन पेरं आत घालायचं. वरच्या मातीचा रंग बघून काही कळत नाही.

नवलकोलचं एक लक्षात घ्या, त्याची वाढ मधेच अडली की ती खूण गड्ड्यात राहते. पालेभाजी दोन दिवस सुकली तर पाणी दिलं की परत उभी राहते आणि आपण विसरून जातो, पण इथे जो गड्डा आहे तो म्हणजे फुगलेलं खोड आहे, कंद नाही की मूळ नाही. वाढ थांबली की खोड आपलं मूळचं काम करायला लागतं, म्हणजे रोपाला उभं धरायचं, आणि त्यासाठी ते आतून लाकडी होतं. तुम्ही तुमचा एखादा गड्डा उभा कापून बघा, सुरी वरून लोण्यासारखी जाईल आणि बुडाशी आली की कचकन अडेल, दोरे बुडाकडूनच सुरू होतात. शेतात पाण्याची पाळी एक दिवस चुकली तरी खालच्या ओलीवर रोप निभावून नेतं, कुंडीत खाली ओल नाहीच, तिथे एक दुपारसुद्धा पुरते.

दुपारवरून आठवलं, कुंड्या काळ्या प्लॅस्टिकच्या आहेत का? उन्हात काळ्या कुंडीच्या कडेची माती ४० अंशांच्या वर सहज जाते आणि नेमकी कडेलाच सगळी मुळं गोळा झालेली असतात. नवलकोलला १५ ते २५ अंश मानवतं, तिशीच्या वर गेलं की ते कुरकुरायला लागतं. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, पश्चिमेच्या बाजूला गोणपाट लावा, मातीवर सुक्या पानांचं आच्छादन द्या, पण ते खोडाला चिकटवू नका.

राहिलं खत. जास्त घातलं म्हणूनच तर पानं आली. ताज्या शेणखतातलं किंवा युरियातलं नत्र पानांना फुगवतं. शेतात लावणीआधी पायाला शेणखत, मग वरखताचे एक-दोन हप्ते दिले की भागतं. कुंडीत उलट, प्रत्येक पाण्याबरोबर थोडं खत भोकातून वाहून जातं, म्हणून थोडं थोडं पण वारंवार द्यायचं. लावल्यावर आठ-दहा दिवसांनी सुरू करून दर दहा-बारा दिवसांनी पातळ खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या तीव्रतेचं, आणि गड्डा सुपारीएवढा दिसायला लागला की नत्र कमी आणि पालाश (पोटॅश) जास्त असलेलं.

अजून एक, रोपं ट्रेमध्ये किती दिवस होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. तीन ते चार आठवड्यांची, चार-पाच पानांची रोपं लावायची. मला आपली शंका आहे की दिरांनी पहिल्या खेपेची नेली आणि उरलेली तुम्ही सवडीने लावलीत. ट्रेमध्ये अडकलेलं रोप तिथेच निबर होतं आणि पुढे कितीही लाड केले तरी ते सुधारत नाही.

प्रश्न : मग कुंडी किती मोठी घ्यायची आणि एकीत किती रोपं? काही जण म्हणतात एकाला एकच, काही म्हणतात चार चालतात.

उत्तर : १२ इंची गोल कुंडी, खोली किमान १० इंच, त्यात तीन. माणशी पाच लिटर माती पडते असं धरा. आयताकृती प्लांटर असेल तर १५ ते २० सेंटीमीटरवर एक. चार लावली तर येतात, पण गड्डे लहान राहतात, आणि मी तर पहिल्या वर्षी हावरटपणा करून एका कुंडीत पाच लावली होती, पाचही जगली, पाचांचं मिळून एक नवलकोल झालं असतं! कापडी ग्रो बॅग चालते, फक्त ती कडेने पण वाळते म्हणून पाणी जास्त लागतं. बी थेट टाकलं असेल तर रोपं दोन-तीन पानांची झाली की विरळणी करायचीच, मन घट्ट करून, आणि उपटू नका, कात्रीने कापा, नाहीतर शेजारच्याची मुळं हलतात.

कोसाकसारखे मोठ्या गड्ड्याचे वाण कुंडीसाठी घेऊ नका, ते भरायला फार वेळ घेतात आणि त्यांना जागा लागते. व्हाइट व्हिएन्ना, पर्पल व्हिएन्ना हे जुने वाण बरे.

प्रश्न : माझे गड्डे उभे तडकले. शेतात आहेत, कुंडीत नाही. कीड आहे का?

उत्तर : कीड नाही, पाणी. जमीन बराच काळ ताणात राहिली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं, पावसाचं म्हणा की तुमच्या पाळीचं, की आतला भाग भराभर फुगतो, साल तेवढी ताणत नाही आणि फुटते. गड्डा तयार व्हायला आला की हे जास्त होतं. ठिबक असेल तर रोज थोडं, नसेल तर पाळ्यांतलं अंतर कमी आणि एकावेळचं पाणी कमी. तडकलेले लगेच काढून वापरा, फटीतून कूज शिरते. मोठा पाऊस येणार असं दिसलं तर पाच-सहा सेंटीमीटरचे झालेले सरळ काढून घ्या, वाट बघत बसू नका.

कुंडीवाल्यांनी हसू नये, दोन दिवस गावाला जाऊन आलात आणि आल्या आल्या अपराधी वाटून दोन बादल्या ओतल्यात की तेच होतं. माझं झालंय.

प्रश्न : गड्डा मातीच्या वर उघडाच राहतो, हिरवा पडतोय, म्हणून मी बटाट्यासारखी भर घातली, गड्डे पूर्ण झाकले. आता बुडाशी कुजल्यासारखं दिसतंय.

उत्तर : अरेरे, भर आजच काढा, हळूच, हातानेच. नवलकोल जमिनीच्या वरच फुगतं आणि त्याचा हिरवा रंग हाच त्याचा रंग आहे, बटाटा हिरवा पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. भर घातली की पानांचे देठ जिथून निघतात तिथे ओल धरून राहते आणि कूज सुरू होते. रोप कलंडतंय म्हणून आधाराला बोटभर माती लावली तर हरकत नाही, ती पण गड्ड्याच्या खाली. लावताना सुद्धा ट्रेमध्ये जेवढं खोल होतं तेवढंच लावायचं, टोमॅटोसारखं खोडापर्यंत पुरायचं नाही.

प्रश्न : मी शेतकरी आहे. कोबीच्या प्लॉटमध्ये मुळांना गाठी येऊन झाडं दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळी परत उभी राहायची, शेवटी वाढलीच नाहीत, तो क्लब रूट आहे असं कळलं. आता त्याच जमिनीत नवलकोल घ्यायचं म्हणतोय. ग्रो बॅगमध्ये पूर्ण एकर केलं तर?

उत्तर : दादा, नवलकोल आणि कोबी दिसायला वेगळे असले तरी एकाच जातीचे, फ्लॉवर, ब्रोकोली पण त्यातच. जर्मन नाव बघा ना, कोलराबी, त्यातलं कोल म्हणजे कोबी आणि राबी म्हणजे सलगम. त्यामुळे कोबीला जो रोग तो याला. आणि क्लब रूटचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, एका वर्षाच्या फेरपालटाने ते जात नाहीत.

एकरभर ग्रो बॅगचा विचार सोडा, हिशोबच सांगते. ३० बाय २० सेंटीमीटरच्या अंतराने एकरात साधारण ६५ हजार रोपं बसतात, एकाला पाच लिटर मिश्रण धरलं तर सव्वातीन लाख लिटर झालं. तेवढं मिश्रण आणायचं, भरायचं, रोज भिजवायचं आणि दर वर्षी ताजं करायचं. नवलकोलसारख्या दोन महिन्यांच्या पिकाला हे पेलत नाही.

बॅगेचा, ट्रेचा उपयोग तुम्हाला दुसरीकडे आहे, रोपांसाठी. हा रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो तो बऱ्याचदा रोपांच्या मुळांना लागलेल्या मातीतून, मग अवजारं, बूट, वाहून येणारं पाणी. म्हणून रोपं त्या शेताच्या मातीत न करता स्वच्छ कोकोपीटच्या ट्रेमध्ये, जमिनीपासून उंच मांडणीवर करा, आणि लावा त्या प्लॉटमध्ये जिथे कोबीवर्गीय पीक झालेलं नाही. जुन्या प्लॉटची माती तपासून घ्या, क्लब रूटला आम्लधर्मी, पाणी धरून ठेवणारी जमीन आवडते, सामू (pH) कमी निघाला तर चुना देऊन तो ७.२ च्या आसपास नेला की रोगाचा जोर कमी होतो, पूर्ण जात नाही. जमीन आधीच विम्लधर्मी निघाली तर चुना टाकत बसू नका. पाण्याचा निचरा सुधारा. मधल्या वर्षांत कांदा, शेंगावर्गीय, मका असं काहीही घ्या, पण मोहरी आणि मुळा नको, ती पण त्याच घराण्यातली, आणि त्या घराण्यातलं तण सुद्धा बांधावर ठेवू नका कारण पीक नसताना रोग त्यावर तग धरतो.

घरापुरतं खायला म्हणून दारात दहा-बारा बॅगा लावा की खुशाल, फक्त त्यात शेतातली माती घालू नका.

प्रश्न : कुंडीत किडी कमी येतात हे खरं का?

उत्तर : काही कमी येतात, काही मुद्दाम शोधत येतात. रात्री रोप जमिनीलगत कापून टाकणारी अळी मातीत असते, मिश्रण ताजं असेल तर कुंडीत ती सहसा नसते. पण पतंगाला तिसरा मजला काय आणि दहावा काय. पानाच्या खालच्या बाजूने खरवडून वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवलेला दिसला, खिडकीच्या काचेसारखा, की ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. काडीने टोचून बघा, ती वळवळत मागे सरकते आणि पानावरून धाग्याला लटकते, दुसरी कुठली हिरवी अळी असली तर ती आपली निवांत चालत राहते. शेतात तिच्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध), निंबोळी अर्क असा सगळा कार्यक्रम करावा लागतो. कुंडीत तुमच्याकडे दहा रोपं आहेत, सकाळी चहा घेत पानं उलटी करून बघा आणि हाताने वेचा, त्याहून चांगलं औषध नाही. त्याहीपेक्षा सोपं म्हणजे लावल्या दिवसापासून बारीक जाळी टाका. नवलकोलला परागीभवनाची गरज नाही, त्यामुळे जाळी काढणीपर्यंत ठेवता येते, मात्र ती पानांना टेकू देऊ नका, टेकली की पतंग वरूनच अंडी घालतात.

मावा मात्र कुंडीत जास्त त्रास देतो, खास करून भिंतीच्या आडोशाला जिथे वारा नाही. राखेसारखा करडा थर पानाच्या मागे दिसला की पाण्याचा जोरात फवारा, दोन दिवसाआड, आणि नाहीच गेला तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, त्यात थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी मारायचं, उन्हात मारलं तर पानं भाजतात.

प्रश्न : जांभळं नवलकोल लावलं, कापलं तर आत पांढरंच! फसवलं का बियाणंवाल्याने?

उत्तर : नाही हो, जांभळी असते ती फक्त साल. आत सगळी सारखीच, फिकट हिरवट पांढरी. जांभळी थोडी उशिरा तयार होतात एवढाच फरक.

प्रश्न : एवढा त्रास असेल तर कुंडीत लावावंच कशाला? शेतच बरं ना?

उत्तर : शेत असेल तर शेतातच लावा, मी नाही म्हणत नाही. वजनात कुंडी शेताला हरवणार नाही. पण कुंडीचे दोन फायदे मला खरंच मोठे वाटतात. एक म्हणजे ती उचलता येते. नवलकोलच्या कोवळ्या रोपांना आठवडा-दीड आठवडा १० अंशांच्या खालची थंडी लागली की त्यांना वाटतं हिवाळा झाला, आणि पुढे ऊब मिळाली की गड्डा सोडून फुलाचा दांडा काढतात, शेतात हे बघत बसण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही, कुंडी रात्री आत घेता येते. तसंच उन्हाचं, दुपारी सावलीत सरकवली की झालं. दुसरं म्हणजे काढणी. शेतकऱ्याला प्लॉट बहुधा एकदम उचलावा लागतो, त्यात काही गड्डे कोवळे, काही जून. तुम्ही रोज बघताय, पाच-सात सेंटीमीटरचा झाला की त्याच दिवशी काढा, अजून थोडा मोठा होऊ दे म्हणून थांबलात की गेला. आणि एकदम सगळी बी टाकू नका, दर दोन आठवड्यांनी पाच-सहा रोपं, म्हणजे सतत कोवळं मिळत राहील. कोवळी पानं पण टाकू नका, ती भाजीला चालतात, फक्त गड्डा वाढत असताना सगळी ओरबाडू नका, त्याचं अन्न तिथेच तयार होतं.

काढल्यावर लगेच खायचं नसेल तर पानं कापून गड्डा वेगळा फ्रिजमध्ये ठेवा, पानं ठेवलीत तर ती गड्ड्यातलं पाणी ओढून घेतात आणि तो मऊ पडतो. पानांशिवाय दोन-तीन आठवडे सहज टिकतो.

प्रश्न : काढल्यावर खालचं खोड ठेवलं तर परत येतं का? आणि त्याच कुंडीत परत लावलं तर चालेल का?

उत्तर : बुडखा ठेवला तर बाजूने फुटवे येतात, त्यांना बोराएवढं काहीतरी येतं, मी दोनदा करून बघितलं आणि सोडून दिलं, कुंडी अडून राहते. उपटून टाका. त्याच मिश्रणात लगेच परत नवलकोल किंवा कोबी नको, मेथी, घेवडा असं काहीतरी घ्या. आधी मुळांचा गोळा फोडा, जाड मुळं काढा, मग भोकातून स्वच्छ निथळेपर्यंत दोन-तीनदा भरपूर पाणी द्या कारण पातळ खतातले क्षार साठलेले असतात, कुंडीच्या कडेला पांढरी रेघ दिसते बघा, तेच ते. मग चौथा हिस्सा नवीन गांडूळखत मिसळा आणि आठवडाभर ओलसर ठेवून लावा.